बाइकचा मागचा लांब मडगार्ड काढून छोटा नंबर प्लेट ब्रॅकेट आणि एलईडी टेललाइट बसवायची आहे. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच पट्टीत असलेली लाइट घ्यावी का?

तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींपैकी ब्रॅकेट जरूर बदला. एकाच पट्टीत सगळं असलेली लाइट मात्र घेऊ नका, निदान इंडिकेटर तरी वेगळे ठेवा. माझ्या बाइकवर मी हे काम स्वतः केलंय, त्यामुळे कुठे घाई चालते आणि कुठे चालत नाही ते सविस्तर सांगतो.

आधी लाइट. एलईडीचा खरा फायदा दिसण्यापेक्षा वेगाचा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद घेते, एलईडी जवळजवळ लगेच पेटते. ताशी ९० किमी वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात ५ मीटर पुढे येते. पण हा फायदा ब्रेकचा उजेड साध्या टेलपेक्षा ठळकपणे वेगळा दिसला तरच मिळतो. जुन्या दुहेरी तारेच्या बल्बमध्ये टेलसाठी ५ वॅट आणि ब्रेकसाठी २१ वॅट असतात, म्हणून ब्रेक दाबला की फरक लगेच डोळ्यांत भरतो. स्वस्तातल्या बऱ्याच एलईडी पट्ट्यांची टेलच इतकी प्रखर असते की रात्री ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळतच नाही. घेण्याआधी पट्टी बॅटरीला जोडून दोन्ही अवस्था पाहून घ्या, शक्यतो भर उन्हात आणि अंधारात दोन्हीकडे.

काचेवर वर्तुळातलं ई आणि शेजारी आकडा अशी खूण असेल, तर ती लाइट संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मंजूर झालेली आहे. अमेरिकेत त्याऐवजी डॉट किंवा एसएई ही अक्षरं असतात. काहीच खूण नसलेली लाइट कितीही देखणी असली तरी मी लावणार नाही. काळपट, म्हणजे स्मोक्ड काचही टाळा. ती प्रकाश खाते आणि दिवसा सूर्य मागे असताना ब्रेक लागल्याचं दिसत नाही. लाल काचेमागे पांढरी नव्हे, लालच एलईडी हवी. पांढऱ्या प्रकाशातला बराच भाग लाल काच अडवते.

आता एका पट्टीचा प्रश्न. ब्रेक दाबून तुम्ही वळत असाल, तर लाल उजेडाला चिकटून लुकलुकणारा पिवळा उजेड त्यात बुडून जातो. नेमकं चौकात वळताना हे दोन्ही एकाच वेळी चालू असतात, म्हणजे इंडिकेटरची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच तो दिसत नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे इंडिकेटर इतके जवळ येतात की लांबून डावा की उजवा ते ओळखू येत नाही. म्हणूनच नियमांत अंतर ठरवून दिलंय: युरोपात चालणाऱ्या नियमात मागच्या दोन इंडिकेटरच्या आतल्या कडांमध्ये किमान १८० मिमी, अमेरिकेत मध्यापासून मध्यापर्यंत किमान २२९ मिमी. तुमच्याकडचा आकडा पाहून घ्या, पण माझं मत विचाराल तर ब्रॅकेटला जमेल तेवढे लांब ठेवा.

इंडिकेटर एलईडी केले की ते भराभर लुकलुकू लागतात, किंवा पेटून तसेच राहतात. यात एलईडी खराब नसते. जुना फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) इंडिकेटरमधून जाणाऱ्या करंटवर चालतो. करंट अचानक कमी झाला की अनेक रिले एक बल्ब गेलाय असं धरून वेग वाढवतात. याला दोन उपाय सांगितले जातात. पहिला म्हणजे प्रत्येक इंडिकेटरला समांतर रेझिस्टर लावून जुन्या बल्बइतकंच करंट ओढायचं. काम होतं, पण तो रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो आणि सीटखालच्या प्लास्टिकजवळ किंवा वायरच्या जुडग्यात ते मला अजिबात पटत नाही. दुसरा उपाय एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले. हाच करा. फक्त जुना रिले दोन पिनांचा आहे की तीन ते पाहून तसाच घ्या आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतोय ना ते घड्याळ लावून मोजा. बऱ्याच नव्या बाइकमध्ये वेगळा रिलेच नसतो, ते काम कंट्रोल युनिट करतं. तिथे त्या मॉडेलसाठी बनवलेलेच इंडिकेटर घ्यावेत, नाहीतर मीटरवर फॉल्ट दिसत राहतो.

रिले बदलूनही काही जणांच्या बाइकवर डावं बटण दाबलं की चारही इंडिकेटर लुकलुकतात. हे कोडं बऱ्याच जणांना सुटत नाही, म्हणून थोडं नीट सांगतो. मीटरवर डावी-उजवी मिळून एकच हिरवी खूण असेल, तर तिचा छोटा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मधोमध जोडलेला असतो. डावी बाजू चालू केली की करंट त्या खुणेतून उजवीकडच्या बल्बमधून अर्थला जातो. उजवीकडे साधे बल्ब असतील तर एवढ्याशा करंटने ते पेटत नाहीत. एलईडीला मात्र तेवढं पुरतं. म्हणून फक्त मागचे बदलले आणि पुढे बल्बच राहिले तर हा त्रास सहसा होत नाही, चारही बदलल्यावर होतो. उपाय स्वस्त आणि पक्का आहे. खुणेच्या बल्बचं एक टोक अर्थला जोडायचं आणि दुसऱ्या टोकाला डावी व उजवी वायर प्रत्येकी एका डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणायची, डायोडची पट्टी असलेली बाजू खुणेकडे ठेवून. १एन४००७ हा साधा डायोड पुरतो.

वायरिंगबद्दल एकच आग्रह: कंपनीची वायर कापू नका. जुन्या कनेक्टरला बसणारा कनेक्टर घ्या आणि नवी वायर त्याला जोडा, म्हणजे मूळ लाइट परत लावायची वेळ आली तर दहा मिनिटांत लागेल. मागच्या टोकाला थरथर खूप असते. सोल्डरमुळे वायर सांध्याच्या कडेला कडक होते आणि तिथेच तुटते, म्हणून मी सांधा चांगला क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवतो. रबरावर बसलेल्या इंडिकेटरला चेसिसमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतंत्र अर्थ वायर ओढा. वायर टायरच्या बाजूने लोंबणार नाही अशी बांधा आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट घाला.

ब्रॅकेटकडे वळतो. दिसायला हे काम सोपं आहे, पण खरा धोका इथे आहे. उभ्या बाइकवर टायर आणि प्लेटमध्ये भरपूर जागा दिसते. मागे माणूस बसून खड्ड्यात गेलात की चाक वर येतं आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) फिरत असल्यामुळे थोडं मागेही सरकतं. टायर प्लेटला घासला तर प्लेट मुडपून आत ओढली जाऊ शकते. मोजायची पद्धत अशी: बाइक सेंटर स्टँडवर घेऊन मागचं चाक मोकळं लोंबू द्या आणि टायरपासून ब्रॅकेटच्या, प्लेटच्या व वायरच्या सर्वांत जवळच्या भागापर्यंतचं अंतर घ्या. मॅन्युअलमध्ये मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे ते वर-खाली किती हलतं ते, दिलेला असतो. मोजलेलं अंतर त्यापेक्षा किमान २५ ते ३० मिमी जास्त हवं. कमी भरत असेल तर ब्रॅकेट मागे किंवा वर सरकवा. शॉकअप कडक करून भागवणं हा उपाय नव्हे.

प्लेट किती आडवी करायची यालाही मर्यादा आहे. युरोपातल्या नियमात ती उभ्या रेषेपासून वरच्या बाजूला ३० अंशांहून जास्त कललेली चालत नाही. सीटखाली जवळजवळ आडवी घुसवलेली प्लेट मला कुठल्याच बाइकवर शोभत नाही आणि तो आकडे लपवण्याचा प्रकार आहे. ब्रॅकेट घेताना प्लेटवर पांढरा उजेड टाकणारी छोटी लाइट आणि लाल रिफ्लेक्टर लावायची सोय आहे का ते बघाच. तयार ब्रॅकेटमध्ये रिफ्लेक्टर हमखास गाळलेला असतो. बाइक बंद पडून अंधारात रस्त्याकडेला उभी असेल, तेव्हा बॅटरीशिवाय चमकणारी ती एकच वस्तू मागे असते.

स्वतः बनवणार असाल तर ३ मिमी अॅल्युमिनियम पुरतं, पण वाकवताना कोपरा धारदार ठेवू नका, तडा तिथूनच जातो. बोल्टच्या मध्ये रबरी वॉशर आणि शेवटी नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारा). पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट परत तपासा. मडगार्ड गेल्यावर पावसात चिखल तुमच्या पाठीवर आणि सीटखालच्या कनेक्टरवर उडणार, तेव्हा हगर, म्हणजे टायरलगतचा छोटा मडगार्ड, लावता आला तर लावाच.

सगळं झालं की कुणाला तरी मागे पंधरा-वीस पावलांवर उभं करा. पुढचा लिव्हर वेगळा, मागचा पेडल वेगळा दाबून ब्रेक लाइट दोन्हींनी लागते का, ब्रेक दाबलेला असताना दोन्ही इंडिकेटर दिसतात का, आणि अंधारात नंबर वाचता येतो का, हे विचारा. तुमच्या बाइकचं मॉडेल आणि रिलेच्या पिनांची संख्या खाली लिहिलीत, तर डायोड नेमका कुठल्या वायरवर बसवायचा ते सांगतो.