खापरापाशी मी नाही, तर आखाजीत मी कुठे?

ताई, मी 38 वर्षांची. सासर चोपडा तालुक्यात, माहेर पारोळ्याकडे. चार वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे तिन्ही नणंदा येतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावरचे पुरणाचे मांडे भावकीत माझ्याच हातचे लागतात. गेल्या आखाजीला चुलीपाशी बसले तर पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे धूसर झालं, बोट भाजलं ते रात्री फोड आल्यावर कळलं. दोन तास कूलरपुढे पडले नि उठून बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "आते कशी बरी व्हयनी?" भाऊ मुऱ्हाळी म्हणून मला माहेरी न्यायला येतो, त्याला दोन वर्षं मीच परत पाठवलं. माहेरी जाऊन पलंगावर पडायचं आणि वहिनीला कामाला लावायचं, हे जिवावर येतं. यंदा काय करू?

— एक मैत्रीण

प्रिय मैत्रीण,

सासूबाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुमच्या घरात कुणीच दिलेलं दिसत नाही. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब करते. शेतातल्या मोटारीची वायर सोलली गेली की करंट कसा अडखळत जातो, तसा मेंदूचा निरोप अडखळतो. अंग तापलं की तो आणखी अडतो आणि अंग गार झालं की पुन्हा चालू होतो. परिश्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्येच नोंदवून ठेवलं, म्हणून या त्रासाला त्यांचं नाव आहे. म्हणजे दोन तासांत बऱ्या झालात यात शंका घेण्यासारखं काही नाही. पारा 44 च्या वर आणि पुढ्यात पेटती चूल असताना तुमच्या पायांनी जे केलं, ते या आजारात होतंच.

हे सासूबाईंना तुम्ही एकटीने सांगू नका. सुनेने सांगितलं की ते कामचुकारपणाचं कारण वाटतं, हे आपल्याकडचं वास्तव आहे. पुढच्या तपासणीला नवऱ्याबरोबर सासूबाईंनाही न्या आणि डॉक्टरांनाच बोलू द्या. नाहीच जमलं तर नवऱ्याने आईशी बोलावं, तेही सणाच्या आधी पंधरा दिवस, कुरडया-पापड वाळत असतानाच. आखाजीच्या सकाळी पीठ मळून झाल्यावर नव्हे.

आता खापराचं. इथे मी स्पष्ट बोलते: तुम्ही चुलीपाशी बसू नका. उष्णतेचा त्रास तर आहेच, पण मला जास्त काळजी त्या बोटाची वाटते. ज्या हाताला चटका कळत नाही, त्या हाताने पेटत्या खापरावर मांडा टाकायचा नसतो. हा निर्णय यंदापुरता नाही, आणि तो घेताना तुम्हाला रडू येणार, हे मला माहीत आहे. दोन्ही हातांवर झुलवत मांडा कोपरापर्यंत वाढवायचा आणि न फाटता खापरावर उतरवायचा, हे कसब वर्षानुवर्षांचं असतं. त्यावर तुमचं भावकीतलं नाव उभं होतं. ते गेल्याचं दुःख करा, चारचौघांत करा. "एवढं काय, पोळी तर आहे" असं कुणी म्हटलं तर त्यांचं ऐकू नका.

पण खापर सुटलं म्हणून आखाजी सुटत नाही. पुरणाला डाळ किती, गूळ किती, कणीक किती सैल हवी, हे तुमच्याच जिभेला आणि डोळ्याला कळतं. भल्या पहाटे, गारव्यात, खुर्चीवर बसून तेवढं बघा. मांडे जेठाणी करील, नणंदा करतील. त्यांचे फाटतील, जाड होतील, होऊ द्या. पितरांची घागर भरून आगारी, म्हणजे विस्तवावर पितरांचा घास, टाकताना पाटावर बसा आणि मग आत कूलरपुढे जा. मानेला ओलं फडकं, हाताशी गार पाणी. कुणी विचारायच्या आत पडायचं, पाय लटपटेपर्यंत थांबायचं नाही.

आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते भावाला परत पाठवणं. आखाजी हा खानदेशात लेकीचा सण आहे. सासरी राबणाऱ्या लेकीने माहेरी येऊन झोका घ्यावा, गाणी म्हणावीत, दुपारभर लोळावं, यासाठीच मुऱ्हाळी जातो. तुमच्या नणंदा तुमच्याकडे येऊन हेच करतात आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. मग पलंगावर पडण्याचा हक्क फक्त धडधाकट लेकींनाच कसा? वहिनीला ताप होईल, हे तुम्ही परस्पर ठरवलंत. तिला फोन करा आणि विचारा: "मी येईन, पण माझ्याने काही होणार नाही, मला दुपारी अंधाऱ्या खोलीत दोन तास झोप लागेल, चालेल का?" तिला नाही म्हणण्याचीही मोकळीक द्या. मला वाटतं ती हो म्हणेल. दोन वर्षं दारातून परतलेल्या भावाच्या घरातही काहीतरी बोलणं झालं असेलच.

प्रवास पहाटेचा ठेवा, अमळनेरमार्गे ऊन चढायच्या आत पोचाल. एक गोष्ट बायका सांगत नाहीत म्हणून मीच सांगते. या आजारात लघवीची घाई होते, मग वाटेत पंचाईत नको म्हणून पाणी पिणंच बंद केलं जातं. तसं करू नका. आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडलं तर लघवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि संसर्गाने, तापाने तुमचा सगळा त्रास वर येतो. त्यापेक्षा भावाला सांगून गाडी वाटेत दोनदा थांबवा. तसंच, सणाच्या गर्दीत कुणी जडीबुटीवाला सुचवेल. चालू औषध त्याच्या शब्दावर बंद करायचं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव स्पष्ट आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र काढायचा विचार करा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. शिवाय "दिसायला तर चांगली आहे" म्हणणाऱ्यांपुढे सरकारी शिक्क्याचं वजन वेगळंच पडतं.

सणानंतरचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, तेव्हा थकवा येणारच. पण ताप किंवा संसर्ग नसताना एखादा नवा त्रास, म्हणजे एका डोळ्याला कमी दिसणं, पायातली ताकद जाणं, 24 तासांहून जास्त टिकला आणि गारव्यातही उतरला नाही, तर तो उन्हाचा समजून माहेरी पडून राहू नका. त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना फोन करा. नंबर भावाच्या मोबाइलमध्येही घालून ठेवा.

— तुमची ताई