वाचकांचे प्रश्न : नाशिकचे खासदार, देशाचे संरक्षणमंत्री

प्रश्न : यशवंतराव चव्हाण कऱ्हाडचे. मग ते नाशिकचे खासदार कसे झाले? (पंचवटीतील वाचक)

उत्तर : नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध सुरू असताना, नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, संसदेत नव्हते. असा मंत्री घटनेच्या ७५ व्या कलमानुसार सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यावा लागतो. लोकसभेत ते आले नाशिकच्या जागेवरून, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, तेही बिनविरोध. १९६७ ला त्यांनी सातारा गाठले.

प्रश्न : नाशिकजवळच्या ओझरचा मिग विमानांचा कारखाना त्यांनीच आणला ना? (निफाड)

उत्तर : नाशकात सर्रास असेच सांगतात, पण सोव्हिएत संघाशी मिग-२१ या लढाऊ विमानाचा करार ऑगस्ट १९६२ चा, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. उभारणी मात्र चव्हाणांच्या कारकिर्दीत झाली. काम तीन ठिकाणी वाटले गेले : विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्यासाठी १९६३ मध्ये काढलेली कंपनी १ ऑक्टोबर १९६४ ला बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मिळवली आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) तयार झाली. १९६५ च्या युद्धातली मोजकी मिग विमाने ओझरची नव्हेत, रशियातून आलेली होती.

प्रश्न : ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ हे सगळ्यांना पाठ आहे. धावल्यावर सह्याद्रीने केले काय? (नाशिक रोड)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, कारण २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी चीनची एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर झाली. लढायला युद्ध उरले नव्हते, मोडलेले खाते उरले होते. मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात विश्वास राहिला नव्हता. चव्हाणांनी सकाळची बैठक सुरू केली : तिन्ही दलांचे प्रमुख, संरक्षण सचिव आणि कॅबिनेट सचिव एका टेबलाशी. फायली फिरवण्यात जाणारा वेळ वाचला, आणि कुणी काय सांगितले हे सगळ्यांसमोर राहू लागले. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच.

पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्यांनी खुला केला नाही. पण २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत त्याचा गोषवारा मांडला. प्रशिक्षण, साहित्य, हुकुमांची साखळी, जवानांची शारीरिक तयारी, सेनानींची कुवत असे मुद्दे त्यात होते. सपाटीवरच्या तुकड्या उंचीची सवय होण्याआधीच वर धाडल्या गेल्या होत्या, हेही त्यात आले. उपाय म्हणून पर्वतीय डिव्हिजन वाढवल्या. १९६४ ते ६९ च्या संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे लष्कर, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि सुमारे ५,००० कोटींचा खर्च धरला होता.

प्रश्न : १९६५ ला विमाने पाठवायचा हुकूम त्यांनी पंतप्रधानांना न विचारता दिला, हे खरे का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : खरे. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतील छांबमध्ये घुसले, रोख अखनूरच्या पुलाकडे. पूल गेला असता तर पूंछ-राजौरीची वाट तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांच्या दालनात आले. मंत्रिमंडळ समिती बोलवायची तर उजेड संपला असता. चव्हाणांनी तिथेच होकार दिला आणि तासाभराच्या आसपास पठाणकोटहून विमाने उडाली. पुढची बाजू कमी सांगितली जाते : पहिल्याच झुंजीत आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली. ते विमान पाकिस्तानच्या सेबर विमानापुढे टिकणारे नव्हते, म्हणून ते आघाडीवरून काढून घ्यावे लागले.

सकाळच्या बैठकीची मर्यादाही याच युद्धात दिसली. वर प्रमुख रोज भेटत, पण खाली लष्कर आणि हवाई दलाचे एकत्र नियोजन तोकडेच राहिले. ६ सप्टेंबरला पायदळ लाहोरच्या दिशेने गेले आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटला उभी असलेली आपली विमाने पाकिस्तानच्या हवाई हल्ल्यात जमिनीवरच जळाली.