वीस किलोंतला एक दाणा

अनेक आशीर्वाद.

शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषावर, पीएच.डी. करायची म्हणून तू पाठवलेला आराखडा वाचला. उपकरणावर पानंच्या पानं आहेत आणि नमुना कसा घेणार यावर जेमतेम चार ओळी. हे उलटं कर.

हिशेब मांडून बघ. एका दाण्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. बुरशीने पुरत्या ग्रासलेल्या सुट्या दाण्यात किलोमागे 10 लाख मायक्रोग्रॅमपर्यंत विष सापडल्याची नोंद आहे, म्हणजे त्या एका दाण्यात 500 मायक्रोग्रॅम. तो 20 किलोंत, 40 हजार चांगल्या दाण्यांत मिसळला तरी सरासरी किलोला 25 मायक्रोग्रॅम येते. प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा 15 आहे. आता त्याच 20 किलोंतले अर्धा किलो दाणे तू प्रयोगशाळेत आणलेस, तर तो दाणा तुझ्या पिशवीत असण्याची शक्यता चाळिसात एक. आला तर तुझा आकडा 1000, नाही आला तर शून्य. उपकरण दोन्ही वेळा बरोबरच सांगेल आणि तरी मालाबद्दल काहीच कळणार नाही.

म्हणूनच कोडेक्स 20 किलोंचा नमुना घ्यायला सांगतं. पोत्याच्या तोंडाशी हात घालून नव्हे, वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून. तो सगळा दळायचाही असतो. कोरडं कूट तेल सोडून लगदा होतं आणि विष सारखं पसरत नाही, तेव्हा पाणी घालून पातळ वाटण कर. रिकव्हरी 95 टक्के आली म्हणून खूश होऊ नकोस. घातलेल्या विषापैकी किती परत सापडलं एवढंच ती सांगते, आणि ते विष तूच घातलेलं असतं. तोंडी परीक्षेला मी असलो तर हे विचारणारच.

1960 मधले इंग्लंडातल्या टर्की पक्ष्यांचे मृत्यू, 1974 मधली बांसवाडा-पंचमहालची मक्यातली विषबाधा, हे प्रस्तावनेत सगळेच लिहितात. दोन ओळींत आटप.

साठवणुकीच्या प्रकरणात नुसती ओलाव्याची टक्केवारी देऊ नकोस, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येणारं मोकळं पाणी, मोज. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, त्यामुळे गव्हाला चालणारा 12 टक्के ओलावा इथे धोक्याचा ठरतो. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी 0.70 च्या खाली राहिली तर ही बुरशी वाढत नाही. मात्र आधी तयार झालेलं विष वाळवून जात नाही आणि घरच्या भाजण्यानेही पुरतं जात नाही.

मला विचारशील तर खरा विषय निवडणीत आहे. सुरकुतलेले, काळपट दाणे बाजूला काढले की माल बराच सुधारतो. पण ते काढलेले दाणे जातात कुठे? घाण्यावर गेले तर विषाचा मोठा वाटा पेंडीत उतरतो, पेंड म्हशीपुढे येते आणि दुधात एम1, म्हणजे याच विषाचं दुधात उतरणारं रूप, निघतं. एखाद्या तालुक्यात हा माग शेवटपर्यंत काढलास तर प्रबंध कपाटात पडून राहणार नाही. व्यापारी पहिल्या भेटीत काही सांगणार नाहीत, हंगामभर जात राहा.

विषाची प्रमाणित द्रावणं गडद काचेत ठेव, हातमोजे विसरू नकोस, वापरलेली काच सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजव.

नवा आराखडा पाठवताना किती पोती, किती ठिकाणांहून आणि वाटण कशात करणार, एवढं आधी लिही. उपकरणाचा कॉलम कुठला घ्यायचा ते नंतर बोलू.