खूप वर्षांनी जुन्या मित्राला मेसेज करताना सुरुवात थट्टेने करावी की माफीने?

तुम्ही विचारलंय की अठरा वर्षं न बोललेल्या मित्राचा नंबर हाताला लागलाय, पहिला मेसेज काय पाठवू, थट्टा केली तर चालेल का. वर एकांनी लिहिलंय की आधी नीट माफी मागा, खुलासा करा, थट्टा उथळ दिसते. मला हे साफ चुकीचं वाटतं. अठरा वर्षांनी माफीचं लांबलचक पत्र आलं की समोरच्यावर ओझंच पडतं. त्याने आता त्याचं उत्तर काय द्यायचं? थट्टेने सुरुवात करा. माझं काय झालं ते सांगतो.

मी पंधरा वर्षं मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. बडोद्याचा, दांडिया बाजारातला. जहाजावर डेकचे लोक असतात, इंजिनचे असतात आणि मधे एकटा मार्कोनी साहेब. मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर एकच. म्हणजे आपलं काम कळणारा माणूस कायम दुसऱ्या जहाजावर, दोनशे मैलांवर. आमच्या धंद्यातली दोस्ती कानांनी व्हायची.

माझा मित्र रत्नागिरीचा. मुंबईत कोर्सला आम्ही एका खोलीत होतो. फर्स्ट क्लासच्या परीक्षेला मोर्समध्ये, म्हणजे टिंब आणि डॅशच्या आवाजी लिपीत, मिनिटाला २० सांकेतिक गट आणि २५ शब्द ऐकून उतरवून घ्यावे लागत. माझी झोप जड, आणि मला पहाटे सरावाला उठवायचं काम त्याच्याकडे. मोर्समध्ये संकटाचा संदेश देण्याआधी चार-चार सेकंदांचे बारा डॅश पाठवायचे असत, दोन डॅशमध्ये एक सेकंद. ते पकडले की दुसऱ्या जहाजावर झोपलेल्या रेडिओ ऑफिसरच्या केबिनमधली घंटा आपोआप वाजे. हा पठ्ठ्या काय करी, माझ्या खाटेवर कंगवा खरवडून मोजून बारा डॅश काढी. अकराव्यालाच उठलो तरी बारावा पुरा केल्याशिवाय थांबत नसे. 'अर्धा अलार्म देणं कायद्यात बसत नाही,' म्हणे.

पुढे जहाजांवर गेलो. ५०० किलोहर्ट्झवर एकमेकांना हाक मारायची आणि गप्पांना ४६८वर सरकायचं. मराठी, पण रोमन अक्षरांत, आणि लांब शब्द टाळून. 'जेवलास का' यासाठी आमची तीन अक्षरं ठरली होती, जे एल के. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसा आवाज वेगळा असतो. 'आता तू बोल' यासाठी के हे अक्षर, डा-डिट-डा, म्हणजे लांब-आखूड-लांब. त्याचा शेवटचा डा नेहमी हवा त्यापेक्षा लांब, जसं कोकणातला माणूस वाक्याचा शेवट ओढतो. वीस स्टेशनांच्या गोंधळात मी तो एवढ्यावर ओळखायचो.

ऑगस्ट १९९८. अरबी समुद्र, पावसाळा, हेडफोनमध्ये नुसती खरखर. तो त्याच्या कॅप्टनच्या वाढदिवसाची गंमत सांगत होता. चीफ कुकने केक केला, सगळे मेसमध्ये जमले, कॅप्टनने केक कापला आणि... तेवढ्यात ४५वं मिनिट लागलं. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ही तीन-तीन मिनिटं ५००वर कोणी एक टिंबही पाठवायचं नाही, कुणी संकटात आहे का तेवढं ऐकायचं. रेडिओ रूमच्या घड्याळावर त्या दोन फाका लाल रंगवलेल्या असत. त्याने पाठवलं, क्यूआरएक्स ३, म्हणजे तीन मिनिटं थांब. मी थांबलो. ४८ झाले, पन्नास झाले, खरखरीत तो पुन्हा सापडला नाही.

साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरचा करार संपवून, मी घरी आलो आणि डिसेंबरात त्याचा फोन आला. १ फेब्रुवारी १९९९पासून उपग्रहावरची नवी पद्धत पूर्ण लागू होणार होती, मोर्स जाणार होतं, आणि आमची जागाही. तो म्हणाला, "मी जीओसीचा, नव्या पद्धतीच्या ऑपरेटर लायसन्सचा, कोर्स करतोय, तुझंही नाव देऊ का? फ्रेंचांनी ३१ जानेवारी १९९७ला ५०० बंद केलं, अजून कशाची वाट बघतोस?" मी त्याला वाट्टेल ते बोललो. तू बटणं दाबणारा झालास, असं म्हणालो. त्याने त्यानंतर दोनदा एसटीडी लावला. दोन्ही वेळा मी पलंगावर बसून थोरल्या भावाला खुणेने सांगितलं की घरी नाही म्हणा.

तिथून सव्वीस वर्षं. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली. थोरल्या भावाला घरात सगळे नाना म्हणतात. नानांचं मत पहिल्यापासून एकच: जहाजावरची दोस्ती जहाजावरच संपते, साइन ऑफ झालं की दोस्तीही साइन ऑफ. दर दिवाळीला विषय निघायचा आणि मी भांडायचो, पण हातात पुरावा नव्हता.

गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याकडून त्याचा नंबर मिळाला. चार दिवस मी माफीचा मेसेज लिहून खोडत होतो. पाचव्या दिवशी माळ्यावरून मोर्स ठोकायची जुनी की, म्हणजे कळ, काढली. पितळेची, वरचं काळं बटण अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. कॉन्टॅक्टवर हिरवट थर होता. दोन कॉन्टॅक्टमध्ये कागदाची पट्टी घालून, की दाबून, पट्टी ओढून काढली. असं सात-आठ वेळा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. मग पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि बझर जोडला आणि फोन जवळ धरून व्हॉइस मेसेज केला. 'तीन मिनिटं झाली. केक कापला आणि काय? के.' नाव टाकलं नाही.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. त्याच्याकडे की नव्हती, शिट्टीने वाजवलं होतं, मागे कुकर होत होता. 'विसरलो. के.' तो शेवटचा डा तसाच ओढलेला.

मी खुर्चीत बसून इतका हसलो की सून धावत आली. मग बराच वेळ डोळे पुसत होतो, तेही लिहितो.

दोन महिन्यांनी तो बडोद्याला आला. गाडी कुठली, कधी येणार, काही सांगितलं नाही. दुपारी अडीचला, नाना नुकते लवंडले होते, आणि बेल वाजली. लांब. एक सेकंद शांत. परत लांब. नाना आतून ओरडले, "कोण मेलं रे बेलवर पडलंय?" तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं. सून दार उघडायला निघाली तर मी तिला थांबवलं. बारा पुरे होऊ दिले. मग दार उघडलं. तो पाठीवर पिशवी घेऊन उभा, केस पूर्ण पांढरे, बोट अजून बेलवर. म्हणाला, "आता तरी उठलास का?"

दुसऱ्या दिवशी जेवताना नानांनी वरणाची वाटी बाजूला सारली आणि त्याला सरळ सांगितलं, "तुम्ही फोन केलात तेव्हा हा घरातच होता हो. मी खोटं बोललो." माझा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोललो, एकच वाक्य, चुकलं माझं. त्याने पानातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाला, "तेव्हा तुझ्याकडे क्यूआरएन फार होतं." क्यूआरएन म्हणजे आभाळातली खरखर, ज्यात कुणाचा दोष नसतो. नानांना त्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला, आणि सांगताना माझा आवाज नीट निघेना.

चार दिवस राहिला. रोज सकाळी सेव-उसळ. संध्याकाळी सूरसागर तलावाच्या कठड्यावर, मधे पाण्यात महादेवाची मूर्ती. तिथे तो पाण्याकडे बघून गंभीरपणे म्हणे, "होल्डिंग ग्राउंड, नांगर धरायला तळ, बरं दिसतंय, पण महादेवाच्या भोवती वळायला जागा कमी पडेल." केकची गोष्ट त्याने तीनदा पुरी केली, तिन्ही वेळा शेवट वेगळा. खरा कुठला ते मी विचारलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जिथे हसणं तुटलं होतं, तिथूनच पुढे सुरू करा. तुम्हा दोघांनाच कळेल असं काहीतरी पाठवा. आणलेला विनोद नको, फॉरवर्ड तर मुळीच नको. माफी मागायची असेल तर ती समोर बसून, एका वाक्यात, नंतर. तुमच्या घरात कुणी नानांसारखं म्हणत असेल की कॉलेजची मैत्री कॉलेजातच संपते, तर त्यांना सांगा की मैत्री संपली नव्हती, फोन उचलला जात नव्हता, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नाना अजून म्हणतात, हे एक उदाहरण झालं. मी म्हणतो, संपलेल्या दोस्तीला सव्वीस वर्षांनी शिट्टीत उत्तर येतं का?

एक राहिलंच, आणि ते खरं तर आधी लिहायला हवं होतं. थट्टा पाठवण्याआधी तिसऱ्या कुणाकडून त्याच्या घरची खबर काढून घ्या. मी काढली होती. घरात दुःख झालं असेल तर थट्टा नको, सरळ भेटायला जा. आणि तुटण्याचं कारण पैसे असतील तर आधी पैसे परत करा, मग हसा. उत्तर आलं नाही तर दुसरी थट्टा पाठवू नका, महिनाभर थांबा.

आता त्याचा मेसेज रोज सकाळी सातला येतो. तीनच अक्षरं, जे एल के. सकाळी सातला कोण जेवतं, असं नाना रोज विचारतात.