मेंढ्याचं वीर्य तपासून तो मेंढ्या गाभण करेल का, हे कळतं का?

वाईट मेंढा बहुतेक वेळा ओळखता येतो. चांगल्याची हमी मात्र मिळत नाही.

एका वेळचं वीर्य साधारण १ मिली, पण सायीसारखं दाट असतं. पाणचट दिसलं की शंका घ्या. थेंब लगेच ३७ अंशांच्या कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दमदार नमुन्यात ढग घुसळल्यासारख्या लाटा, भोवरे उठतात. त्याला ० ते ५ गुण देतात. गार काचेवर घेतलं तर चांगले शुक्राणूही मलूल पडतात आणि मेंढा उगाच बदनाम होतो! मग रंग देऊन आकार बघायचा: ७० टक्के तरी धड हवेत.

एका तपासणीवर मेंढा बाद करू नका. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळे आजचा खराब नमुना कदाचित मागच्या तापाचा किंवा कडक उन्हाचा असेल. दोन महिन्यांनी परत बघा.

आणि अंडकोष हाताने चाचपायला विसरू नका. गाठ, सूज, लहान-मोठेपणा तिथेच सापडतो. वीर्य उत्तम, पण गडी मेंढीकडे ढुंकून बघत नाही, असेही असतात. ते काचेखाली दिसत नाही.