पर्लनंतर काय: डायनॅमिक पायथन की स्टॅटिक टाइपची गो?

फाइली वाचून, हिशेब करून डेटाबेसात भरणारा जुना पर्ल कोड पायथनमध्ये न्यावा की गोमध्ये, असा तुमचा प्रश्न आहे. नोंदींची रचना ठरलेली असेल आणि कोडला अनेकांचे हात लागत असतील, तर माझा कौल गोला: ती स्टॅटिक टाइपची, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारचा डेटा बसतो हे कोड चालण्याआधीच तपासते; डायनॅमिक पायथन ते चालताना पाहते. मात्र सगळं कंपायलर (कोड चालण्याआधी तपासून बांधणारा प्रोग्राम) पकडेल या भरवशावर राहू नका.

पर्लमध्ये हॅशची (नाव-किंमत जोड्यांच्या साठ्याची) की, म्हणजे नाव, लिहिताना स्पेलिंग चुकलं तर 'यूज स्ट्रिक्ट' ही कडक तपासणी असूनही कोणी अडवत नाही. अनडेफ (रिकामी किंमत) मिळतो आणि बेरजेत त्याचं शून्य होतं. (वॉर्निंग चालू असेल तर लॉगमध्ये एक ओळ पडते, ती कोणी वाचली तर.) पायथनमधला हॅश म्हणजे डिक्शनरी; ती तिथेच कीएरर देऊन थांबते. आणि गोमधला हॅश, म्हणजे मॅप? तोही गुपचूप शून्यच देतो! म्हणजे हॅशचे जसेच्या तसे मॅप केलेत, तर स्टॅटिक भाषेत येऊनही पर्लचं दुखणं सोबत आणाल. प्रत्येक नोंदीसाठी स्ट्रक्ट (ठरलेल्या फील्डांचा साचा) करा, म्हणजे चुकीचं फील्ड कंपाइलच होणार नाही. मॅप टाळता येत नसेल तिथे व्हॅल्यूसोबत मिळणारा दुसरा बूलियन (की सापडली की नाही हे सांगणारा) तपासा. जेसन (डेटा मजकूररूपात देण्याघेण्याचा फॉरमॅट) वाचतानाही तेच: रक्कम आलीच नसेल तर गो तक्रार न करता फील्ड शून्यच ठेवतो. 'शून्य आली' आणि 'आलीच नाही' हे वेगळं ओळखायचं तर ते फील्ड पॉइंटर (किंमत आली नाही तर रिकामा राहणारा पत्ता) ठेवा.

पायथनचा सापळा वेगळा. फाइलीतून आलेली '10' ही स्ट्रिंग आणि 10 हा आकडा पर्लच्या == ला सारखेच वाटतात. पायथनमध्ये त्यांची बेरीज केलीत तर टाइपएरर येतो, पण == ने तुलना केलीत तर नुसतं फॉल्स मिळतं. ती अट कधीच खरी होत नाही आणि कुठे काही दिसतही नाही. मायपाय (पायथनचे टाइप तपासणारं टूल) हे स्ट्रिक्ट मोडमध्ये पकडतो. एरवी टाइप न लिहिलेल्या फंक्शनच्या आत तो डोकावतही नाही, त्यामुळे 'एकही चूक नाही' या निकालाला फारसा अर्थ नसतो.

गोकडे जाताना भागाकारही तपासा: 7/2 चं उत्तर पर्ल आणि पायथन 3 मध्ये 3.5, गोच्या पूर्णांकांत 3. टाइपशी संबंध नाही, पण गोच्या रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या पॅटर्नमध्ये) लुकअहेड (पुढे काय आहे ते पाहणं) आणि बॅकरेफरन्स (आधी सापडलेलं पुन्हा जुळवणं) नाहीत. ते सढळ वापरले असतील तर काम बरंच वाढेल.

ठरवण्याआधी गेल्या वर्षातले बग काढून बसा. चुकलेल्या की, स्ट्रिंग-आकड्यांची गल्लत असे जास्त असतील तर स्टॅटिक टाइपचा फायदा रोख मिळेल. चुकीचा इनपुट किंवा चुकलेला हिशेबाचा नियम हीच कारणं असतील, तर दोन्ही भाषांत तपासण्या हातानेच लिहाव्या लागतील. फाइलींची रचना सारखी बदलत असेल, तर पायथन आणि पहिल्या दिवसापासून मायपाय स्ट्रिक्ट.

मग मध्यम आकाराचं एक मॉड्यूल नव्या भाषेत लिहा, जुनं-नवं एकाच इनपुटवर चालवा आणि आउटपुट डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या टूलने) ताडा. त्याआधी दोन्ही आउटपुट सॉर्ट करा: पर्ल 5.18 पासून हॅशचा क्रम दर रनला बदलू शकतो आणि गोच्या मॅपचा क्रमही ठरलेला नसतो.