रुग्ण मोबाइलवरची आरोग्यसेवा वापरायला कितपत तयार आहेत, हे कसं मोजायचं?

नुसतं 'स्मार्टफोन आहे का?' विचारून भागत नाही. इंटरनेटवरची आरोग्यमाहिती शोधणं-वापरणं किती जमतं हे विचारणारी २००६ सालची ई-हील्स प्रश्नावली घ्या: ८ विधानं, प्रत्येकी १ ते ५ गुण, बेरीज ८ ते ४०. मराठीतून, तोंडी विचारा. पण तिच्यात माणूस स्वतःला काय येतं वाटतं तेवढंच सांगतो, म्हणून फोन हातात देऊन एक काम करून घ्याच. हडपसरच्या एका ओपीडीत आजी सगळ्याला 'येतं की' म्हणाल्या. आभा या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाचे १४ अंक चष्मा पुसून पुसून टाकले, आणि ओटीपी गेला नातवाच्या फोनवर, तो कॉलेजात. फोन कोणाचा, रिचार्ज कोण मारतं, अक्षर दिसतं का, हे आधी विचारा. अशा आजींना 'तयार नाही' म्हणून वगळू नका, फार अन्याय होतो तो. 'मदतीने वापरतील' असा वेगळा रकाना ठेवा.